ऑर्किडचं नवीन नवीन वेड लागलंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक झाड होतं, आता खिडकीत चौदा आहेत आणि बाथरूमच्या खिडकीत अजून दोन (ते मोजायचे नाहीत असं घरात ठरलंय). त्यामुळे नातेवाईक, मैत्रिणी, मैत्रिणींच्या सासवा सगळ्यांचे फोन येतात आणि प्रश्न तेच ते, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. मी काही एक्स्पर्ट नाहीये, चार वर्षांचा अनुभव आणि मारलेली झाडं एवढंच भांडवल आहे.

सुरुवात कुठल्या ऑर्किडने करू?

फॅलेनॉप्सिस. लांब कमानीसारखी दांडी आणि त्यावर ओळीने चपटी मोठी फुलं, फोटोत नेहमी दिसतं ते. नावाचा अर्थच मुळी "पतंगासारखं दिसणारं", म्हणजे रात्री दिव्याभोवती घिरट्या घालतो तो पतंग. ब्लूम नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने १८२५ साली हे नाव दिलं. आपल्याला घरात जी हवा बरी वाटते तीच ह्याला बरी वाटते, साधारण २० ते ३० अंश, कडक ऊन लागत नाही आणि फुलं दोन-तीन महिने टिकतात. नवशिक्याला अजून काय पाहिजे.

डेंड्रोबियम दुसऱ्या नंबरवर, पण त्यातले काही प्रकार पानं गाळून काही महिने नुसत्या काठ्या होऊन उभे राहतात आणि माहिती नसेल तर माणूस मेलं समजून फेकून देतो. वांडा दिसायला भारी पण त्याची मुळं उघडी लोंबत असतात, रोज पाणी आणि भरपूर उजेड मागतं. ते पुढच्या वर्षी.

विकत घेताना काय बघू?

फुलं शेवटी बघा. मला माहितीये, अवघड आहे. पण आधी कुंडी हातात घ्या, प्लास्टिकची पारदर्शक असेल तर बाहेरूनच मुळं दिसतात, ती हिरवी किंवा चंदेरी आणि टणक दिसली पाहिजेत. तपकिरी, चिकट, चपटी दिसली तर फुलं कितीही सुंदर असू दे, खाली ठेवा. मग झाड बुंध्याशी धरून हलकेच हलवा, डुगडुगलं तर आत धरायला मुळंच नाहीत. पानांच्या मागे पांढरा कापूस दिसतोय का तेही बघा, ती कीड असते. आणि सगळ्या कळ्याच असलेलं घेऊ नका, प्रवासात गळतात, अर्धी उमललेली अर्ध्या कळ्या असं बरं.

निळंशार ऑर्किड पाहिलं, घेऊ का?

घ्या हवं तर, पण तो रंग दांडीत टोचून भरलेला असतो. दांडीवर कुठेतरी टोचल्याची छोटी खूण सापडेल. पुढच्या वेळी फुलं पांढरी येणार. माझ्या भावाने मोठ्या हौसेने आणलं होतं आणि पुढच्या वर्षी पांढरं आलं तर म्हणाला झाड बदललंस तू.

पाणी किती दिवसांनी घालायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि ह्याचं उत्तर दिवसात देताच येत नाही, म्हणून जरा लांबण लावते.

माझं पहिलं झाड मी प्रेमाने मारलं. रोज सकाळी चहा ठेवला की त्याला अर्धा पेला पाणी, खाली बशी, बशीत पाणी साचलेलं, मला वाटायचं किती छान पितंय. तीन आठवड्यांनी पानं मऊ पडली तर मी अजून पाणी वाढवलं. शेवटी खालचं पान हातात आलं तेव्हा कुंडी उलटी केली, आतून गटारासारखा वास, आणि एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर त्याचं वरचं साल मोज्यासारखं निघून आलं आणि आत राहिला नुसता एक दोरा. तो दोरा मी अजून विसरले नाहीये.

झालं काय होतं तर फॅलेनॉप्सिस जमिनीत उगवतच नाही, ते झाडांच्या फांद्यांना धरून राहतं (बांडगूळ नव्हे बरं का, झाडाचा रस पीत नाही, नुसता आधार घेतं). पाऊस आला की मुळं भिजतात आणि लगेच वाऱ्याने सुकतात. त्या मुळांवर मेलेल्या पेशींचा स्पंजसारखा थर असतो, त्याला वेलामेन म्हणतात, तो पाणी पटकन शोषून घेतो आणि मुळाला हवाही मिळू देतो. तेच मूळ सतत पाण्यात बसलं की हवा बंद, मूळ गुदमरतं आणि सडतं. आणि मुळं सडली की झाड पाण्यात उभं राहून तहानेने मरतं, म्हणून पानं मऊ पडतात आणि आपण अजून पाणी ओततो.

आता गंमत अशी की हाच वेलामेन आपल्याला सांगतो पाणी कधी घालायचं. मूळ ओलं असताना हिरवंगार दिसतं कारण ओला थर पारदर्शक होतो आणि आतला हिरवा रंग दिसतो, सुकलं की चंदेरी-राखाडी. कुंडीतली मुळं चंदेरी झाली, आणि कुंडी उचलली तर हलकी लागली, की पाणी. माझ्याकडे कोरड्या हवेत चार-पाच दिवसांनी लागतं आणि दमट दिवसात दहा-बारा दिवस सुद्धा लागत नाही, तुमच्याकडे वेगळं असेल. मोबाईलचा टॉर्च लावून कुंडीत डोकावायची सवय लावून घ्या, घरचे हसतील, हसू दे.

घालताना मात्र चमचाभर घालायचं नाही. भरपूर घालून सगळं निथळू द्यायचं, किंवा दहा-पंधरा मिनिटं बादलीत कुंडी बुडवून ठेवायची आणि मग पूर्ण निथळवायची. सकाळी घाला. पानांच्या मधोमध जो खोलगट भाग असतो तिथे पाणी साचलं तर टिश्यूने टिपून घ्या, तिथे सड लागली तर फॅलेनॉप्सिस बहुतेक वेळा गेलंच समजा, कारण त्याला वाढायला तो एकच शेंडा असतो.

बर्फाचे खडे ठेवायचे म्हणतात ते?

माणूस पाणी कमी घालतो म्हणून ते चालतं, एवढंच. उष्ण जागेतलं झाड आहे, मला ते बघवत नाही.

बागेतली माती चालेल ना?

नाही. मातीत हवा खेळत नाही, वर वाचलंत ना. पाइनच्या सालीचे तुकडे म्हणजे बार्क, लाकडी कोळसा, नारळाच्या सोडणाचे तुकडे, विटेचे तुकडे, असं काहीतरी ओबडधोबड लागतं. मॉस म्हणजे सुकवलेलं शेवाळ पण चालतं पण ते पाणी खूप धरून ठेवतं, म्हणजे ज्यांचा हात पाण्याच्या बाबतीत सैल आहे त्यांनी मॉसपासून लांब राहायचं. मी त्यातलीच.

मुळं कुंडीबाहेर येऊन लोंबतायत, कापू का?

कापू नका!! ती हवेतली मुळंच आहेत, झाड खुश आहे. आत कोंबायला पण जाऊ नका, कटकन मोडतात. दिसायला विचित्र वाटतं हे मान्य, पण सहा महिन्यांत तुम्हाला तीच आवडायला लागतील. माझ्याकडे पाहुणे आले की ते फुलं बघतात आणि मी मुळं दाखवते.

उजेड किती? ऊन चालतं का?

खिडकीजवळचा भरपूर उजेड, सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं नाही. पानापासून साधारण फूटभर वर हात धरा, सावली पुसट कडांची पडली तर बरोबर, काळी कुळकुळीत पडली तर ऊन जास्त, पडलीच नाही तर अंधार. पानांचा रंगही बोलतो. गडद हिरवी गार पानं आपल्याला हेल्दी वाटतात पण ऑर्किडमध्ये त्याचा अर्थ उजेड कमी पडतोय, पोपटीकडे झुकणारा हिरवा हवा. लालसर झाली तर जरा जास्त होतंय. ऊन लागून पानावर फिकट डाग पडला तर तो परत जात नाही, पण झाड मरत पण नाही.

बेडरूममध्ये ठेवलं तर रात्री ऑक्सिजन देतं म्हणतात, खरंय?

अर्धवट ऐकलेलं आहे. फॅलेनॉप्सिस पानांची छिद्रं रात्री उघडतं आणि कार्बन डायऑक्साइड रात्री घेऊन साठवून ठेवतं, म्हणजे दिवसाच्या उन्हात पाणी उडून जाऊ नये. ऑक्सिजन मात्र उजेडातच तयार होतो. बेडरूममध्ये ठेवा की, पण छान दिसतं म्हणून ठेवा.

सगळी फुलं गळाली. मेलं का?

नाही हो. दोन-तीन महिने फुलून दमलंय. दांडी अजून हिरवी असेल तर खालून दुसऱ्या किंवा तिसऱ्या डोळ्याच्या (म्हणजे दांडीवरच्या गाठीच्या) जरा वर कापा, कधीकधी तिथून नवीन फाटा फुटून थोडी फुलं येतात. दांडी तपकिरी वाळली असेल तर बुडापासून काढून टाका. झाड लहान किंवा अशक्त असेल तर हिरवी असली तरी मी पूर्णच कापते, आधी मुळं-पानं होऊ दे. कात्री स्पिरिटने पुसून घ्यायची, एका झाडाचा रोग दुसऱ्याला जायला तेवढंच पुरतं.

वर्ष झालं, पानं मस्त आहेत पण फूल नाही.

दोनच कारणं असतात बहुतेक. पहिलं उजेड कमी. दुसरं म्हणजे थंडावा मिळाला नाही. तापमान सतत २८ अंशांच्या वर राहिलं तर फॅलेनॉप्सिस नुसती पानंच काढत बसतं, ग्रीनहाऊसवाले ह्याचाच फायदा घेतात, आधी उबेत वाढवायचं आणि मग थंडावा देऊन सगळ्यांना एकदम दांड्या आणायच्या. घरी काय करायचं तर हवा गार व्हायला लागली की काही आठवडे झाड खिडकीच्या अगदी जवळ ठेवायचं, म्हणजे रात्री १६-१८ अंशांपर्यंत गारवा मिळेल. मी हे करेपर्यंत माझ्या एका झाडाने दीड वर्ष मला नुसती पानं दाखवली, मी खतं बदलत बसले होते आणि त्याला फक्त दोन फूट सरकवायचं होतं.

दांडी दिसल्यापासून फूल उमलेपर्यंत तीनेक महिने जातात. रोज बघून ती लवकर वाढत नाही, मी करून पाहिलंय.

नवीन काहीतरी फुटलंय, मूळ आहे की दांडी?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न! मुळाचं टोक गोल, गुळगुळीत, चकचकीत असतं आणि मागून ते चंदेरी होत येतं. दांडीचं टोक जरा चपटं आणि एका बाजूला खाच असलेलं, लहान बाळाच्या हातमोज्यासारखं, अंगठा वेगळा असतो ना तसं. दांडी वर जायला बघते, मूळ कुठेही जातं. पहिले काही दिवस कळतच नाही, आणि त्या काही दिवसांत मी दिवसातून तीनदा भिंग घेऊन जाते. एकदा दांडी म्हणून सगळ्यांना फोटो पाठवले आणि ते मूळ निघालं, दहा दिवस कुणी विसरू दिलं नाही.

कळ्या पिवळ्या पडून गळतायत.

काहीतरी अचानक बदललंय. जागा बदलली, एसीचा झोत, पाणी चुकलं, हवा एकदम कोरडी झाली. आणि एक कारण कुणाच्या लक्षात येत नाही ते म्हणजे पिकणारी फळं. पिकताना फळांतून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि कळ्यांना तो अजिबात सोसत नाही. मी नऊ कळ्यांची दांडी पाहुण्यांना दिसावी म्हणून उचलून डायनिंग टेबलावर नेऊन ठेवली, शेजारी केळ्यांचा घड. पाच दिवसांत सहा कळ्या टेबलावर. तेव्हापासून कळ्या आल्या की कुंडी हलवायची नाही, खिडकीकडे कुठली बाजू आहे तीही फिरवायची नाही, घरात नियमच आहे.

खत?

कमी. नेहमीचं संतुलित विरघळणारं खत, २०-२०-२० वगैरे (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव भाग, दर एक-दोन आठवड्यांनी, ओल्या मुळांवर. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने खळखळून धुवायचं, नाहीतर क्षार साचून मुळांची टोकं जळतात, बार्कवर पांढरा थर दिसला की समजायचं. आजारी झाडाला खत नाही. आपणसुद्धा तापात बासुंदी खात नाही.

रिपॉटिंग, म्हणजे झाड नव्या बार्कमध्ये परत लावणं, कधी आणि कसं? भीती वाटते.

मलाही वाटायची. बार्क दीड-दोन वर्षांत कुजून भुसभुशीत होतं आणि मातीसारखं पाणी धरायला लागतं, तेव्हा बदलायचं. फुलं संपल्यावर आणि नवीन मुळांची हिरवी टोकं दिसायला लागली की उत्तम वेळ. झाड काढण्याआधी कुंडी थोडा वेळ पाण्यात ठेवा, भिजलेली मुळं लवचिक होतात, कमी मोडतात. मग प्रत्येक मूळ दाबून बघा, टणक ते ठेवायचं (रंग कसाही असो, आतली अंधारातली मुळं पिवळट असतातच), पोकळ आणि पचपचीत ते कापायचं. कापलेल्या पानावर लोक दालचिनीची पूड लावतात ते ठीक आहे, पण मुळांवर नको, ती मुळं सुकवते.

कुंडी मुळं मावतील एवढीच. मोठी कुंडी घेतली की मोठं झाड होतं हा गैरसमज आहे, मधला भाग दिवसेंदिवस ओला राहतो आणि मग परत तो दोरा.

पानं सुरकुतली आहेत. पाणी कमी की जास्त?

पानावरून कळत नाही, दोन्हीत सारखीच दिसतात. मुळं बघा. मुळं चंदेरी आणि टणक असतील तर तहान लागलीये, भिजवा. सडली असतील तर कापा, नवीन कोरड्या बार्कमध्ये लावा, दमट आणि सावलीच्या जागी ठेवा आणि वाट बघा. बरंच थांबावं लागतं.

पांढरा कापूस दिसतोय पानाच्या बगलेत.

पिठ्या ढेकूण. झाड लगेच बाकीच्यांपासून लांब करा. कापसाचा बोळा ७० टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून एकेक पुसून काढा, पानाच्या खाली, बगलेत, दांडीच्या सांध्यात सगळीकडे, आणि आठवड्याने परत, आणि परत, कारण अंड्यांतून नवीन येतात. एकदाच करून सोडलं तर काही उपयोग नाही. तपकिरी खवल्यांसारखे टिपके असतील तर ती खवले कीड, आधी नखाने खरवडायची आणि मग तेच.

आणि नवीन आणलेलं झाड दोन-तीन आठवडे वेगळं ठेवायचं. मी एकदा उत्साहात थेट सगळ्यांच्या मध्ये ठेवलं आणि नंतर दोन महिने बोळे घेऊन बसले होते.

दांडीवर छोटं झाड आलंय!

अभिनंदन, पिलू झालं. ह्याला केकी म्हणतात, हवाईच्या भाषेत केकी म्हणजे लेकरू. दोन-तीन मुळं बोटभर लांब होईपर्यंत आईवरच राहू द्या, मग कापून वेगळं लावा. फुलं अगदी आईसारखीच येणार. फक्त एक, आईची तब्येत फार खराब असेल तरी जाता जाता असं पिलू काढते कधी कधी, म्हणून आईची मुळं पण तपासा.

बी लावून घरी ऑर्किड करता येईल का?

कुंडीत बी टाकून नाही येणार. एका शेंगेत लाखो बिया असू शकतात, धुळीसारख्या, आणि त्या बियांमध्ये शिदोरी म्हणून काही नसतंच. निसर्गात एक विशिष्ट बुरशी येऊन त्यांना अन्न पुरवते तेव्हाच रुजतात. १९२२ मध्ये नडसन नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं की बुरशीशिवाय साखर घातलेल्या निर्जंतुक जेलीवर पण बी रुजतं, आणि पुढे १९६० मध्ये मोरेल नावाच्या शास्त्रज्ञाने शेंड्याच्या उतींपासून, म्हणजे पेशींच्या इवल्याशा तुकड्यापासून, एकाच झाडाची असंख्य रोपं करायची पद्धत ऑर्किडसाठी मांडली. आपल्या खिडकीत एवढं सहज ऑर्किड येऊन बसलंय ते अशा प्रयोगशाळांमुळे, त्याआधी हा अतिश्रीमंत लोकांचा शौक होता आणि जंगलंच्या जंगलं ओरबाडून झाडं बोटीत भरून न्यायचे, त्यातली बरीचशी वाटेतच मरायची.

फिरायला गेलो तेव्हा झाडावर ऑर्किड दिसलं, थोडं काढून आणलं तर?

नको. आमरी म्हणतात आपल्याकडे, दिसली की बघायची, फोटो काढायचा, पुढे जायचं. जंगली ऑर्किड घरात बहुतेक जगत नाही, आणि जगात २८ हजारांच्या आसपास जाती असल्या तरी एकेक जात कधीकधी एखाद्या डोंगरापुरतीच असते. आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या साइटीस करारात अख्खं ऑर्किड कुळ आहे, ते उगाच नाही.

मांजर पानं चावतं, काही होईल?

फॅलेनॉप्सिस मांजर-कुत्र्यांना विषारी नाही. झाडाची मात्र वाट लागेल.

एक घेतलं, आता अजून तीन आवडलीयेत. हे नॉर्मल आहे का?

आहे. ह्यावर औषध नाही, पण एक सांगते. एका झाडाचं एक पूर्ण चक्र बघून होऊ दे, म्हणजे फुलं गळणं, मुळं, नवीन पान, दांडी, परत फुलं. मी तसं केलं नाही. पहिलं मेल्याच्या दुःखात एका महिन्यात पाच आणली, पाच वेगवेगळ्या जातींची, प्रत्येकाचं पाणी वेगळं उजेड वेगळा, त्यातली दोनच राहिली. चक्र एकदा कळलं की मग आणा, पण जागा खिडकीची मोजा, मनाची नका मोजू.

आणि ते आधीचं, मेलेलं झाड?

ते फेकलं. पण त्या पाचातल्या एकाला एकच मूळ उरलं होतं, करंगळीएवढं, तेही मी कापणारच होते पण दाबून बघितलं तर टणक लागलं म्हणून ठेवलं. अकरा महिने काहीही नाही, नवरा म्हणायचा प्लास्टिकचं आहे का ते. ह्या आठवड्यात बुंध्याशी हिरवा टिपका आलाय, मोहरीएवढा. मूळ की दांडी ते अजून कळत नाहीये, भिंग रोज लावतेय.